अरबी समुद्राचं पठार: उलट्या समुद्रतळाचा नकाशा पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

उंचीच्या आकड्यांपुढचं चिन्ह बदललं की पृथ्वी पालटते. समुद्रतळ जमीन होतो, हिमालय सर्वांत खोल महासागर होतो. किनाऱ्याची रेघ मात्र जागची हलत नाही, फक्त तिच्या दोन्ही बाजू अदलाबदल करतात. सुरतेला तापीच्या मुखाशी उभं राहिलं तर पाणी पूर्वेला, आपल्या खान्देशाकडे, आणि पश्चिमेला चढत जाणारी जमीन.

असे नकाशे बनवायला समुद्रशास्त्राची पदवी लागत नाही आणि समुद्राकाठी राहावंही लागत नाही. धुळ्यात, जळगावात, शहाद्यात बसून साध्या लॅपटॉपवर ते होतात. प्रोग्रामिंगचं काम थोडं आहे. वेळ जातो तो निवडी करण्यात: शून्य कुठे धरायचं, उजेड कुठून पाडायचा, कुठल्या उंचीला कुठला रंग. इंग्रजीत यावर पुष्कळ साहित्य आहे, पण ते विखुरलेलं आहे, आणि देवनागरी अक्षरं नकाशावर आणताना जो गुंता होतो त्याबद्दल तिथे काहीच सापडत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितो. पायथनची तोंडओळख असेल, म्हणजे फाइल चालवणं, लायब्ररी बसवणं आणि आकड्यांची सारणी हाताळणं जमत असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल.

काय काय लागेल

- 8 जीबी रॅमचा लॅपटॉप. 4 जीबी असेल तर गूगल कोलॅबवर काम करा. तिथे गणित त्यांच्या यंत्रावर होतं, आपल्याला फक्त नेट लागतं.
- पायथन, आणि लायब्ऱ्या बसवण्यासाठी मिनीफोर्ज.
- पायजीएमटी (नकाशे), एक्सअरे आणि नमपाय (आकड्यांच्या सारण्या), मॅटप्लॉटलिब (चित्रं) आणि सीएमओशन (रंगपट्ट्या) या लायब्ऱ्या.
- नावं आणि मांडणीसाठी क्यूजीआयएस (नकाशांचा प्रोग्राम) किंवा इंकस्केप (चित्रांचा प्रोग्राम). दोन्ही फुकट आहेत.
- देवनागरी युनिकोड फॉन्ट. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल.

1. आधी प्रदेश ठरवा, तोही छोटा

पहिल्याच दिवशी सगळी पृथ्वी घेऊ नका. जगाच्या समुद्रतळाचा सर्वांत वापरला जाणारा डेटा जेब्कोचा. या उपक्रमाची सुरुवात 1903 मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या पुढाकारानं झाली. आजच्या त्यांच्या ग्रिडमध्ये, म्हणजे उंची-खोलीच्या आकड्यांच्या जाळीत, 15 कंससेकंदाची एक चौकट आहे (कंससेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग), म्हणजे विषुववृत्तावर साधारण 460 मीटरची. अशा 86,400 गुणिले 43,200, म्हणजे सुमारे 373 कोटी चौकटी. प्रत्येक आकडा दोन बाइटांचा धरला तरी साडेसात जीबी होतात, आणि पायथननं ते आकडे 64 बिटांत बदलले की 30 जीबी. लॅपटॉप तिथेच गोठतो.

माझा सल्ला असा की पहिला सराव खान्देशावरच करा. रेखांश 73.5 ते 76.5 पूर्व, अक्षांश 20 ते 22 उत्तर. पूर्ण बारकाव्यानं घेतलं तरी 720 गुणिले 480 चौकटी, एका क्षणात काम होतं. मोठा फायदा वेगळाच आहे: हा मुलूख तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे. उलटवल्यावर सातपुडा खोल दरी झाला पाहिजे, तापीचं खोरं दोन खोलगटांमधल्या लांब उंचवट्यासारखं दिसलं पाहिजे, जळगाव-भुसावळ साधारण 200 मीटर पाण्याखाली गेलं पाहिजे. 1,325 मीटरचा अस्तंभा जवळपास तेवढाच खोल व्हायला हवा. थोडा कमी भरेल, कारण चौकटीत सरासरी होते आणि शिखराचं टोक बोथट होतं. या तुकड्यात समुद्रसपाटीखालची जमीन नाही, म्हणून उलटवल्यावर एकही चौकट शून्याच्या वर येता कामा नये. आली तर काहीतरी चुकलंय, आणि ते इथेच कळलेलं बरं. अनोळखी समुद्रतळावर अशी चूक डोळ्यांना दिसतच नाही.

हे जमलं की मोठा प्रदेश घ्या: रेखांश 50 ते 120 पूर्व, अक्षांश 20 दक्षिण ते 30 उत्तर. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि जावाजवळची गर्ता, तिन्ही त्यात येतात. एका कंसमिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चौकट धरली तर साधारण 4,200 गुणिले 3,000. सरावाला पुष्कळ झालं.

2. साधनं बसवा

पायजीएमटी हे जीएमटी नावाच्या जुन्या, भरवशाच्या नकाशा-प्रणालीचं पायथनमधलं रूप. ते पिपनं (पायथनच्या लायब्ररी बसवण्याच्या नेहमीच्या साधनानं) एकटं बसवलं तर बहुतेकदा अडकतं, कारण त्याला जीएमटी स्वतंत्रपणे लागतं. मिनीफोर्ज घेऊन, नवं एन्व्हायर्नमेंट तयार करून, कोंडा-फोर्ज या लायब्ऱ्यांच्या भांडारावरून सगळ्या लायब्ऱ्या एकाच आज्ञेत बसवा. विंडोजवर याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

3. डेटा मिळवा

दोन वाटा आहेत. पहिली, जेब्कोच्या संकेतस्थळावर चौकोन आखून तेवढाच तुकडा उतरवायचा. फाइलचा प्रकार नेटसीडीएफ घ्या किंवा जिओटिफ. दुसरी, पायजीएमटीचं लोड अर्थ रिलीफ हे फंक्शन वापरायचं. त्याला प्रदेश आणि बारकावा सांगितला की लागेल तेवढाच डेटा ते स्वतः उतरवतं. नवख्यांसाठी दुसरी वाट चांगली.

इथे तीन खड्डे आहेत.

बारकावा सांगितला नाही तर हे फंक्शन एका अंशाची चौकट देतं. 100 किलोमीटरहून मोठ्या चौकटीत खान्देश म्हणजे सहा ठिपके. नकाशा धुरकट आला की आधी हे तपासा.

प्रदेश लिहिण्याचा क्रम जीएमटीत पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर असा असतो. बऱ्याच इतर साधनांत तो पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असतो. एकाचा क्रम दुसऱ्यात गेला तर कधी चूक दाखवली जाते, कधी गुपचूप भलताच तुकडा येतो.

जेब्कोच्या नेटसीडीएफ फाइलमध्ये अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतात. मॅटप्लॉटलिबचं इमशो हे चित्र काढणारं फंक्शन मात्र पहिली ओळ वर ठेवतं. ओरिजिन खाली आहे असं सांगितलं नाही तर नकाशा डोक्यावर उभा राहतो. आपण मुद्दाम उलटा नकाशा करत असल्यामुळे ही चूक सहज खपून जाते, म्हणून किनारा ओळखीचा दिसतोय ना हे आधी बघा.

बर्फाचीही एक निवड आहे. जेब्को दोन ग्रिड देतं: एकात अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या बर्फाचा पृष्ठभाग, दुसऱ्यात बर्फाखालचा खडक. हिंदी महासागराच्या तुकड्यात याचा प्रश्न येत नाही, पण पुढे जगाचा नकाशा करताना फरक प्रचंड पडतो. बर्फासकट उलटवलं तर अंटार्क्टिका एकसंध खोल समुद्र होतो. बर्फाखालचा खडक उलटवला तर पश्चिम अंटार्क्टिकात मोठाले भूभाग वर येतात, कारण तिथला खडक पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो.

4. चिन्ह बदला

नवी उंची म्हणजे वजा जुनी उंची. एवढीच ओळ. पण तिच्या आधी आकडे 32 बिटांच्या दशांशात बदलून घ्या. 16 बिटांच्या पूर्णांकांत वजा 32,768 हा आकडा मावतो, अधिक 32,768 मावत नाही. काही फाइलींत 'माहिती नाही' दाखवायला वजा 32,768 किंवा वजा 32,767 वापरतात. त्या चौकटी न वगळता उलटवल्या तर पहिला आकडा तसाच ऋण राहतो आणि दुसऱ्याचे 32 किलोमीटर उंच मनोरे उभे राहतात. मग रंगांची सगळी पट्टी त्या मनोऱ्यांत खर्च होते आणि बाकी नकाशा एकाच रंगाचा येतो.

पायजीएमटीत आणखी एक गोष्ट. एक्सअरेत गणित केल्यावर तयार होणारी ग्रिड नवी असते आणि आपण अंशांत मोजलेली भौगोलिक ग्रिड आहोत ही खूण तिच्यातून गळून पडू शकते. उलटवल्यानंतर ही खूण तपासा आणि नसेल तर पुन्हा लावा.

5. शून्य कुठे धरायचं

आता खरं काम सुरू होतं, आणि इथे घाई करू नये.

साधा पर्याय म्हणजे आहे तेच शून्य ठेवायचं. किनारा ओळखीचा राहतो, बघणाऱ्याला खेळ लगेच कळतो. पहिल्या नकाशाला हेच करा.

पण मग एक प्रश्न सुटत नाही: पाण्याचं काय? आजच्या महासागरांत सुमारे 133 कोटी घन किलोमीटर पाणी आहे. उलटलेल्या जगात पाण्यासाठी फक्त आजच्या जमिनीचे खळगे उरतात. जमीन सुमारे 14.9 कोटी चौरस किलोमीटर, तिची सरासरी उंची 840 मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर साडेबारा कोटी घन किलोमीटर. म्हणजे खऱ्या पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा त्यात मावेल. सगळं पाणी ओतायचंच ठरवलं तर पातळी 4,000 मीटरच्याही वर चढते, आणि आज समुद्रात सर्वांत खोल असलेली मैदानं व गर्ता तेवढ्या बेटांसारख्या डोकं वर काढतात. हे वेगळंच जग आहे, आणि त्याचा नकाशा स्वतंत्रपणे करण्यासारखा आहे.

पातळी शोधण्याची रीत सोपी आहे. एक पातळी धरा, तिच्याखाली मावणारं पाणी मोजा, कमी-जास्त करत 133 कोटींवर आणा. मोजताना प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइननं गुणायला विसरू नका. अंशांत सारख्या दिसणाऱ्या चौकटी ध्रुवांकडे चिंचोळ्या होत जातात. तसंच हा हिशेब पूर्ण पृथ्वीवरच करा. त्यासाठी एक कंसमिनिटाची जागतिक ग्रिड पुरेशी आहे.

शून्य तसंच ठेवलं तरी काही गमती आपोआप मिळतात. मृत समुद्राचा काठ आज समुद्रसपाटीच्या 430 मीटरहून खाली आहे. उलट्या जगात तिथे बेट उगवतं. केरळातलं कुट्टनाड, जिथे समुद्रसपाटीखाली भातशेती होते, तेही ठेंगणं बेट व्हायला हवं. पण ते एक-दोन मीटरचं, त्यामुळे ग्रिडमध्ये नीट उमटेलच असं नाही. अशा जागा नकाशावर दाखवायच्या असतील तर त्या हातानं तपासून घ्या.

6. उजेड पाडा

उंचसखलपणा दिसतो तो छायेमुळे. प्रथा अशी की उजेड वायव्येकडून, 315 अंशांवरून, 45 अंश उंचीवरून पाडायचा. डोळ्यांना उजेड वरून येण्याची इतकी सवय आहे की आग्नेयेकडून पाडला तर डोंगर खड्डे वाटतात आणि खड्डे डोंगर.

म्हणूनच हा नियम पाळा: छाया नेहमी चिन्ह बदलल्यानंतर काढा. आधीची छाया ठेवून नुसते रंग उलटवले तर रंग म्हणतो डोंगर आणि छाया म्हणते दरी. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मॅटप्लॉटलिबच्या लाइटसोर्सनं छाया काढत असाल तर चौकटीची लांबी-रुंदी मीटरमध्ये द्या. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत राहिलं तर प्रत्येक उतार भिंतीसारखा उभा ठरतो आणि चित्र काळं-पांढरं होऊन बसतं. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाला हाच आकडा अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचा.

उंची किती फुगवायची? समुद्रतळाची मैदानं पृथ्वीवरच्या सर्वांत सपाट जागांपैकी आहेत, तिथे खऱ्या प्रमाणात छाया पडतच नाही. दहापटीपासून सुरुवात करा आणि मैदानांवर पोत दिसू लागेपर्यंत वाढवा. गर्तांच्या कडा जळल्यासारख्या काळ्या झाल्या की एक पायरी मागे या. मी स्वतः वायव्येचा उजेड मुख्य ठेवतो आणि उत्तर व पश्चिमेकडून मंद उजेड मिसळतो, त्यानं उजेडाच्या दिशेला समांतर असलेल्या डोंगररांगा हरवत नाहीत.

7. रंग

शाळेच्या अ‍ॅटलासमधली हिरवा, पिवळा, तपकिरी, पांढरा ही पट्टी इथे चालत नाही. समुद्राची सरासरी खोली 3,700 मीटरच्या आसपास, म्हणजे या जगातली सरासरी जमीन लेहपेक्षा उंच. अ‍ॅटलासची पट्टी लावली की बहुतेक नकाशा बर्फाळ पांढरा होतो.

कारण उंचीची वाटणी सारखी नाही. समुद्राचा किनाऱ्यालगतचा भाग, साधारण 200 मीटर खोलीपर्यंतचा, उथळ असतो. मग एकदम उतार लागतो आणि त्यानंतर 3,000 ते 6,000 मीटरवर अफाट सपाटी. अधल्यामधल्या खोलीचा भाग त्या मानानं थोडा. म्हणून सारख्या अंतराच्या पायऱ्या करू नका. मी 0, 50, 200, 1,000, 2,000, 3,000, 3,500, 4,000, 4,500, 5,000, 6,000, 7,500 अशा पायऱ्या घेतो: उथळ भागात दाट, मध्ये विरळ, पठारांवर पुन्हा दाट. मॅटप्लॉटलिबमध्ये बाउंडरीनॉर्म हेच काम करतं. सीएमओशनची टोपो ही रंगपट्टी सुरुवातीला चांगली, पुढे आपली स्वतःची करा.

मुंबईसमोरचा भाग या पायऱ्यांत सुरेख उलगडतो. तिथे उथळ पट्टा खूप रुंद आहे. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राशी पाण्याची खोली फक्त 75 मीटरच्या आसपास. उलट्या नकाशात हे हिरवं सखल मैदान होतं आणि त्याच्या पलीकडे जमीन झपकन दोन-तीन हजार मीटर चढते.

8. जे दिसतंय ते ओळखा

नकाशा तयार झाला की त्याच्यासोबत एक संध्याकाळ बसा. नुसतं सुंदर चित्र आणि समजून केलेला नकाशा यांतला फरक इथे पडतो.

अरबी समुद्रात वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारं एक रुंद खोरं दिसेल. ती कार्ल्सबर्ग पर्वतरांग, जिथे समुद्रतळ दुभंगून नवा खडक तयार होतो. खऱ्या रांगेच्या माथ्यावर मधोमध एक घळ आहे, म्हणून उलट्या खोऱ्याच्या मधोमध बारीक डोंगररांग उभी राहते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेनं आणून टाकलेल्या गाळाचा सुमारे 3,000 किलोमीटर लांबीचा पंखा आहे. तो इथे बांगलादेशाकडून दक्षिणेला सावकाश चढत जाणारा माळ होतो. 90 अंश पूर्व रेखांशालगत जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण दरी दिसेल, ती नाइंटीईस्ट रिज. जावाजवळची गर्ता 7,000 मीटरहून खोल. ती या नकाशातली सर्वांत उंच, धारदार भिंत. समुद्रातले सुटे डोंगर इथे खोल वाडगे होतात. मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात रामन आणि पणिक्कर हे समुद्री डोंगर आणि वाडिया हा सपाट माथ्याचा डोंगर आहे. भारतीय शास्त्रज्ञांची नावं असलेले हे तीन खड्डे मोठं करून बघा.

मग लक्षद्वीपपासून मालदीव ओलांडून छागोस बेटांपर्यंत जाणारी लांब दरी शोधा. खान्देशाच्या माणसानं ती नक्की शोधावी. आपल्या विहिरी खोदताना लागणारा काळा पाषाण हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा. धुळे-नंदुरबारकडे शेताशिवारातून भिंतीसारख्या गेलेल्या काळ्या दगडाच्या रांगा दिसतात, त्या म्हणजे जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला लाव्हा. हा सगळा लाव्हा ज्या तप्तस्थळाशी (पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येतो त्या जागेशी) भूवैज्ञानिक जोडतात ते आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप-मालदीव-छागोस ही रेघ उमटत गेली. तुमच्या नकाशावरची ती दरी म्हणजे आपल्या पायाखालच्या दगडाचीच पुढची गोष्ट. माझ्या नकाशात मी तिला नेहमी वेगळा रंग देतो.

आता सावधगिरी. काही ठिकाणी तळावर सरळ रेषा, खरवडल्यासारखे पट्टे दिसतील. ते रस्ते नव्हेत आणि बुडालेली नगरीही नव्हे. जहाजावरच्या सोनार यंत्रानं (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या) जिथे प्रत्यक्ष मोजणी केली तिथे बारकावा जास्त, आजूबाजूला उपग्रहानं टिपलेल्या गुरुत्वाकर्षणावरून काढलेला अंदाज. दोन्ही जिथे जुळतात तिथे शिवण दिसते. 2009 मध्ये गूगल अर्थवर कॅनरी बेटांजवळ अशाच रेषांची जाळी दिसली आणि अटलांटिस सापडल्याची हूल उठली होती. ती जहाजांच्या मार्गांचीच जाळी होती. जेब्कोसोबत एक दुसरी ग्रिड मिळते, तिच्यात प्रत्येक चौकटीचा आकडा कुठून आला ते लिहिलेलं असतं: 11 म्हणजे मल्टीबीम (एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडणारं) सोनार, 40 म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून अंदाज. ती उतरवून नकाशाशेजारी ठेवा. जगाच्या समुद्रतळाचा साधारण चौथा हिस्साच आजवर आधुनिक पद्धतीनं मोजला गेलाय, हे ती ग्रिड बघितल्यावर मनात ठसतं.

9. नावं घाला, पण पायथनमध्ये नको

मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी नाव लिहिलं की बहुतेकदा वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण अडचण अक्षरं जुळवण्याच्या यंत्रणेत आहे. जीएमटीतही देवनागरीचा भरवसा नाही. त्यामुळे पायथनमधून नकाशा नावांशिवाय काढा. उलटवलेली ग्रिड जिओटिफ म्हणून क्यूजीआयएसमध्ये आणून नावं घाला किंवा चित्र इंकस्केपमध्ये उघडून तिथे लिहा. दोन्हीकडे 'लक्ष्मी' आणि 'कार्ल्सबर्ग' नीट उमटतात.

खरी नावं एका तऱ्हेच्या अक्षरांत ठेवा आणि तुमची कल्पित नावं दुसऱ्या तऱ्हेच्या, म्हणजे बघणाऱ्याची गल्लत होणार नाही. कल्पित नावांसाठी आपल्याकडचे शब्द हाताशी आहेत. डोंगरातून जाणाऱ्या वाटेला आपण बारी म्हणतो. धुळे-सुरत रस्त्यावरची कोंडाईबारी सगळ्यांना माहीत आहे. उलट्या जावा-भिंतीतल्या खिंडींना बारी शोभून दिसते.

देशांच्या सीमा शक्यतो काढूच नका, या नकाशाला त्यांची गरज नाही. काढायच्याच असतील तर भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. परदेशी डेटासंचातल्या सीमा बऱ्याचदा तशा नसतात, आणि चुकीच्या सीमेचा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्यानं गुन्हा आहे.

10. छपाई आणि श्रेय

ए3 कागदावर 300 डीपीआयनं छापायला 4,961 गुणिले 3,508 पिक्सेल लागतात. मोठ्या प्रदेशासाठी छपाईच्या वेळी 30 कंससेकंदाची ग्रिड घ्या, ती 8,400 गुणिले 6,000 होते, पुरून उरते. हे काम लॅपटॉपला तापवतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ते दुपारी लावू नका, रात्री लावा. आधी एक छोटा तुकडा छापून बघा, कारण पडद्यावरचे गडद निळे कागदावर काळे पडतात.

ब्लेंडर या प्रोग्राममध्ये त्रिमितीय चित्र करायचं असेल तर उंचीची प्रतिमा 16 बिटांत काढा. 8 बिटांत फक्त 256 पायऱ्या असतात. 11,000 मीटर त्यांत वाटले की प्रत्येक पायरी 43 मीटरची होते आणि उतारावर भातखाचरांसारख्या कडा दिसतात.

जेब्कोची ग्रिड सार्वजनिक मालकीची आहे, विकत घ्यावी लागत नाही, पण श्रेय द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात संकलन गटाचं नाव आणि ग्रिडचं वर्ष लिहा. त्याच्याच शेजारी शून्य कुठे धरलं, उंची किती पट फुगवली, बर्फाची कुठली ग्रिड घेतली आणि हा नकाशा नौकानयनासाठी नाही, हेही लिहा. तुमची पायथन फाइलही सोबत द्या. पुढचा मुलगा किंवा मुलगी त्यातली शून्याची पातळी बदलून आपलं जग काढू शकेल.